टेलिफोन लाईनवरचं स्लो नेट : फील्डवर नवीन आलेल्यांसाठी

आता फायबर आलंय, मग कॉपर कशाला शिकायचं, असं नवीन पोरं विचारतात. पटतं मला, पण जिथं तांब्याची लाईन अजून चालू आहे तिथली कंप्लेंट येणारच, आणि जुने लाईनमन रिटायर होत चाललेत म्हटल्यावर ती तुमच्याच अंगावर पडणार.

वायफाय बाजूला ठेवा, लॅन केबल लावा, हे तुम्हाला माहीत असेलच. मग 192.168.1.1 वर जाऊन (बऱ्याच मॉडेमला हेच चालतं) तीन आकडे कागदावर लिहून घ्या : सिंक स्पीड (मॉडेम आणि एक्स्चेंजमध्ये जुळलेला वेग), एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या वर सिग्नल गरजेपेक्षा किती जास्त आहे ते) आणि अटेन्युएशन (वाटेत सिग्नल किती घटतो ते). मार्जिन 6 डीबीच्या खाली गेलं की लाईन पडत राहणार, 10-12 असेल तर निवांत. अटेन्युएशन 55-60 असेल तर एक्स्चेंज लांब आहे, तिथं कोणीही काही जादू करू शकत नाही, कस्टमरला सरळ सांगून मोकळं व्हा. अटेन्युएशन 25 च्या आसपास, प्लॅनची कॅप पण नाही आणि तरी सिंक 3 एमबीपीएसच्या वर जात नाही, अशी केस आली की मात्र नीट बघायचं.

कारण इथंच सगळे फसतात, मीही कितीतरी दिवस फसत होतो. फोन उचलतो, डायल टोन खणखणीत, खरखर नाही, म्हणून लाईन ओके लिहून मोकळे होतो आणि मॉडेम बदलून येतो. अहो पण आवाजाला लागतात जेमतेम 4 किलोहर्ट्झ, आणि एडीएसएल टू प्लस (तांब्याच्या लाईनवरून नेट देणारी पद्धत) चालतं 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत, त्यामुळे डायल टोनवरून नेटबद्दल काहीही कळत नाही. बऱ्याच वेळा दोष असतो घरातल्या पॅरलल वायरीत. कधीकाळी बेडरूमला फोन होता, तो काढला पण वायर भिंतीत तशीच, रोझेटला (बाहेरची लाईन घरात येते तो भिंतीवरचा डबा) जोडलेली. टोकाला फोनच नाही म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, फिल्टर (फोनकडे जाणारा नेटचा सिग्नल अडवणारी डबी) लावायचा तरी कशाला. पण सिग्नल त्या वायरीत शिरतो, उघड्या टोकावरून परत फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये उलटा मिसळून त्यालाच मारतो. वायर 50 मीटर असेल तर मार साधारण 1 मेगाहर्ट्झला बसतो, 25 मीटर असेल तर 2 च्या आसपास, म्हणजे दोन्ही वेळा आपल्याच पट्ट्यात. लाईन पडत नाही, एरर फार दिसत नाहीत, नुसता स्पीड कमी. म्हणून तर सापडत नाही.

तर रोझेट उघडा, बाहेरून आलेली पेअर (दोन तारांची जोडी) तेवढी ठेवून आतल्या सगळ्या वायरी सोडवा, मॉडेम तिथंच लावा, परत आकडे लिहा. सिंक उडी मारून वर गेला की समजायचं. नाही गेला तर मग ड्रॉप वायर (डीपीपासून घरापर्यंतची), डीपी (जिथून घराघराला लाईन फुटते तो डबा), टेप गुंडाळलेले जॉइंट (पहिल्या पावसात हे हमखास बोंबलतात), त्या क्रमाने बाहेर जा.

लाईन पडत असेल तर कोणी म्हणेल एक्स्चेंजमधून प्रोफाईल (लाईनला ठरवून दिलेली स्पीडची मर्यादा) खाली करून घे, कंप्लेंट क्लोज होते. होते, आणि आठवड्यात परत उघडते. मला हा शॉर्टकट अजिबात आवडत नाही, आणि तो शिकवणारे सीनियर तर त्याहून नाही. ज्याची बॅग फाटलेली आणि टेस्ट फोनची क्लिप घासून गुळगुळीत झालेली, त्याच्या मागे फिरा, तो शिव्या घालेल पण शिकवेल. सुरुवातीला आकडे डोक्यावरून जातात, घाबरू नका, दहा-बारा घरं झाली की नुसत्या आकड्यांवरून दोष घरात की बाहेर हे सांगायला लागाल.

आणि सोडवलेली वायर तशीच लोंबकळत ठेवून निघू नका. स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी डबी) रोझेटपाशी बसवा, आतल्या खोल्यांच्या सगळ्या वायरी त्याच्या फोन पोर्टवर घ्या, म्हणजे नेटला त्या दिसतच नाहीत. नाहीतर तुम्ही स्पीड दाखवून निघाल आणि आतल्या खोलीतला आजींचा फोन बंद, संध्याकाळच्या आत त्याच नंबरची दुसरी कंप्लेंट बुक.