कच्चे मांस की पाकिटातले खाद्य? तुलना करताना या चुका टाळा

कुत्र्याला कच्चे मांस घालावे की कंपनीचे कोरडे खाद्य, असे विचारणाऱ्या बहुतेकांचा निर्णय आधीच झालेला असतो आणि हिशेब त्या निर्णयाला साजेल असा मांडलेला असतो. मालक गावाला गेले की त्यांची कुत्री ठेवून घेणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे प्रत्येक कुत्रा आपला डबा आणि मालकाची मते घेऊनच माझ्या दारात येतो. दोन्ही पद्धतींवर उत्तम वाढलेली कुत्री मी पाहिली आहेत. त्यामुळे कोणती पद्धत श्रेष्ठ, या वादात मला रस नाही. तुलना चुकीच्या मापाने केली जाते, ही माझी तक्रार आहे.

किलोच्या भावावर निकाल देणे

ही चूक सर्वांत जास्त दिसते. समजा, कोरडे खाद्य ३५० रुपये किलो आहे आणि कातडीसह चिकन, थोडी कलेजी व हाडे असे कच्चे मिश्रण २२० रुपये किलो पडते. पाहताक्षणी कच्चे मांस तिसऱ्या हिश्श्याहून अधिक स्वस्त वाटते. परंतु कोरड्या खाद्यात पाणी सुमारे १० टक्के असते आणि कच्च्या मांसात ते ७० टक्क्यांच्या आसपास असते. एकाच्या किलोत अन्न घ्यायचे आणि दुसऱ्याच्या किलोत मुख्यतः पाणी, हे लक्षात न घेता भाव ताडून पाहण्यात काहीच अर्थ नाही.

हिशेब कॅलरीवर करावा. कुत्र्याच्या वजनाचा घन काढायचा, त्याचे दोनदा वर्गमूळ घ्यायचे आणि ७० ने गुणायचे. साध्या कॅल्क्युलेटरवर हे होते. ही कुत्र्याची नुसती विश्रांतीतली गरज. २० किलोच्या कुत्र्यासाठी उत्तर सुमारे ६६२ किलोकॅलरी येते, आणि नसबंदी झालेल्या, बेताचा व्यायाम करणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याची १.६ पट, म्हणजे दिवसाला साधारण १,०६० किलोकॅलरी धरतात. पाकिटावर कॅलरी छापलेल्या नसतील, तर प्रथिने व कर्बोदके यांना ग्रॅममागे ३.५ आणि चरबीला ८.५ किलोकॅलरी धरून त्या काढता येतात. कर्बोदके सहसा पाकिटावर नसतात. शंभरातून प्रथिने, चरबी, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खाद्य जाळल्यावर उरणारी खनिजे) वजा करून ती मिळतात, आणि राखेचा आकडा दिलेला नसेल तर मी ८ टक्के धरतो. २४ टक्के प्रथिने, १० टक्के चरबी आणि ५ टक्के तंतू असलेल्या खाद्यात या रीतीने १०० ग्रॅमला सुमारे ३२० किलोकॅलरी निघतात.

म्हणजे वरच्या कुत्र्याला कोरडे खाद्य रोज ३३० ग्रॅम लागेल आणि त्याला सुमारे ११६ रुपये पडतील. कच्च्या मिश्रणात १०० ग्रॅमला १७० किलोकॅलरी धरल्या, तर रोज ६२५ ग्रॅम लागेल आणि खर्च १३७ रुपयांवर जाईल. किलोला १३० रुपयांनी स्वस्त असलेली वस्तू दिवसाला वीस रुपयांनी महाग पडली.

येथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. कच्च्या आहाराच्या परदेशी पाककृतींतले चिकन कातडीसकट असते, तर आपला चिकनवाला न विचारताच कातडी सोलून बाजूला टाकतो. कातडीबरोबर चरबी जाते आणि १०० ग्रॅमला १२० किलोकॅलरीच्या आसपास उरतात. मग त्याच कुत्र्याला रोज ८८० ग्रॅम मांस लागते आणि २२० च्याच भावाने खर्च १९० रुपयांच्या पुढे जातो. पाककृतीतले प्रमाण जसेच्या तसे उचलून कातडी काढलेले मांस घालणाऱ्यांची कुत्री माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या बरगड्या दुरूनच मोजता येतात, आणि मालक मात्र ‘आमचा स्लिम आहे’ असे कौतुकाने सांगतात. त्या पाककृतींतल्या ‘बीफ’चेही तसेच आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने येथे फार तर म्हशीवर्गीय मांस मिळते, तेही सर्वत्र नाही. त्यामुळे चिकनवर बेतलेलाच हिशेब करावा.

बोनलेस मांसाला पूर्ण आहार समजणे

पुण्यातले एक कुटुंब गणपतीला कोकणात निघाले होते आणि त्यांनी जर्मन शेफर्डचे पाचेक महिन्यांचे पिल्लू माझ्याकडे आणले. सोबत बर्फाच्या पेटीत बोनलेस चिकनच्या पुड्या होत्या आणि प्रत्येक पुडीवर वार लिहिलेला होता. व्यवस्थेत कुठेही कसूर नव्हती. पिल्लू मात्र गाडीतून उतरवताच खाली बसले, पुढचे पंजे सपाट पसरलेले, आणि मागचा पाय हाताळताच ओरडले. मी त्याला ठेवून घेण्यास नकार दिला आणि तडक डॉक्टरांकडे पाठवले. एक्स-रेमध्ये हाडे भोवतीच्या मांसाइतकीच फिकट दिसत होती आणि मांडीचे हाड मोडले होते. त्या गृहस्थांचे वाक्य मला अजून आठवते : “अहो, घशात अडकेल म्हणून आम्ही हाडाचा एक तुकडासुद्धा पोटात जाऊ दिला नाही, आणि याचंच हाड मोडलं?”

कारण त्या वाक्यातच होते. १०० ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम १० ते १२ मिलिग्रॅम असते आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट असतो. आहारात हे प्रमाण उलटे हवे, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीचे आणि फार तर दुप्पट असावे. अमेरिकेतील आफ्को या पशुखाद्य-नियामकांच्या संघटनेच्या निकषांनुसार वाढत्या पिल्लाच्या आहारात दर १,००० किलोकॅलरीमागे किमान ३ ग्रॅम कॅल्शियम हवे; तेवढ्याच कॅलरीच्या बोनलेस चिकनमधून ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर मग हाडांतूनच कॅल्शियम उपसते. त्या पिल्लाला कित्येक आठवडे पिंजऱ्यात विश्रांती आणि पिल्लांचे संतुलित कोरडे खाद्य द्यावे लागले. हाडे भरली, पण एक पाय किंचित वाकडाच राहिला. सर्वांत महागडे मांस विकत घेऊन हे घडले होते.

यावरून घाबरून कॅल्शियमच्या सिरपची बाटली आणणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. मोठ्या जातींच्या लहान पिल्लांचे आतडे जादा कॅल्शियमचे शोषण नीट आवरू शकत नाही आणि त्यानेही सांधे व हाडे बिघडतात; म्हणून त्यांच्यासाठी १,००० किलोकॅलरीमागे ४.५ ग्रॅमची वरची मर्यादा घातलेली आहे. पिल्लांच्या पूर्ण खाद्यावर वरून सिरप ओतण्याचा सल्ला शेजाऱ्यांनी दिला असेल, तर तो शेजाऱ्यांपाशीच राहू द्यावा. प्रौढ कुत्र्यासाठी मी अर्धा किलो बोनलेस मांसाला अंड्याच्या कवचाची बारीक पूड सपाट अर्धा चमचा घालतो. पिल्लाच्या बाबतीत असले घरगुती प्रयोग मी करत नाही आणि कोणाला करू देत नाही.

कॅल्शियम भागले तरी जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वे उरतातच. त्यासाठीच्या गोळ्या, माशाचे तेल, वेगळा फ्रीजर आणि त्याचे वीजबिल तुलनेच्या कागदावर कधीच चढत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार, आणि मसाला वगळून कोंबडी स्वस्त ठरवण्यात लोक पटाईत असतात.

पाकीट नुसते वरवर वाचणे

पाकिटावरील प्रथिनांचे आकडेही पाणी वगळल्याशिवाय ताडून पाहू नयेत. २४ टक्के प्रथिनांच्या कोरड्या खाद्यात पाणी वगळून सुमारे २७ टक्के भरतात, तर ८ टक्के प्रथिने आणि ८० टक्के पाणी असलेल्या ग्रेव्हीच्या पाऊचमध्ये ४० टक्के. घटकांच्या यादीत पहिले नाव ‘चिकन’ असले म्हणून हुरळून जाऊ नये, कारण क्रम पाण्यासकट वजनाने लागतो. त्याऐवजी ते खाद्य ‘संपूर्ण व संतुलित’ आहे की ‘पूरक’, हे आधी पाहावे. पुष्कळशी पाऊच पूरक असतात आणि लोक त्यांच्यावरच कुत्रा वाढवतात.

उरलेल्या चुकांना एकेक वाक्य पुरे आहे. फ्रीजरमध्ये ठेवल्याने कच्च्या मांसातले साल्मोनेला जंतू मरत नाहीत, त्यामुळे घरात तान्हे मूल किंवा केमोथेरपी घेणारी व्यक्ती असेल, तर कच्च्या मांसाचा विषय मी तिथेच थांबवतो. शिजवलेली हाडे कधीही घालू नयेत, कारण ती टोकदार फुटतात. लहान कुत्र्यासाठी वीस किलोचे पोते स्वस्त म्हणून आणले की उघडल्यावर महिन्या-दीड महिन्यात त्यातली चरबी खवट होऊ लागते, आणि दुकानात पिंपातून सुटे विकले जाणारे खाद्य कधीचे आहे हे तर दुकानदारही सांगू शकणार नाही.

खाद्य बदलायला मी आठ-दहा दिवस घेतो आणि जुन्यात नवे थोडे-थोडे वाढवत जातो. सोमवारी पोते संपले म्हणून मंगळवारी थेट कच्चे मांस सुरू करणाऱ्यांचा बुधवारी जुलाबाबद्दल फोन येतो, आणि ‘याला चिकन सोसत नाही’ असा निष्कर्षही त्यांनी काढलेला असतो. नव्या खाद्यावर किमान दोन महिने दर पंधरवड्याला वजन करावे, शौच पाहावे आणि बरगड्यांवरून हात फिरवावा. एवढे झाल्यावर रोजचा खर्च पुन्हा मांडावा, कारण तोपर्यंत ग्रॅमचा आकडा हमखास बदललेला असतो.