कोकणात राहून पीएच.डी. : विद्यापीठातील आपली फाईल कशी चालवावी

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात राहून पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक ओळखतात, महाविद्यालय ओळखते; विद्यापीठ मात्र ओळखते ते त्याच्या फाईलला. मुंबई विद्यापीठाचे रत्नागिरीत उपकेंद्र असले तरी संशोधनाविषयीचे बहुतेक निर्णय मुंबईतच होतात, आणि एका सहीसाठी रात्रीची गाडी पकडून विद्यापीठाच्या कलिना संकुलात जाणारे विद्यार्थी आजही दिसतात. महाविद्यालयातील संशोधन केंद्राचे काम पाहताना माझे एक मत पक्के झाले आहे : संशोधन रखडते त्याहून अधिक वेळा कागद रखडतो, आणि तो रखडू न देणे बऱ्याच अंशी विद्यार्थ्याच्या हाती असते.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची रीत थोडी निराळी आहे. तेथे सत्र पद्धतीने अभ्यासक्रम चालतो, प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सल्लागार समिती असते आणि पदव्युत्तर प्रवेशाचे काम पुण्याची महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद पाहते. पुढील विवेचन मुख्यतः विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांना धरून आहे. आपल्या विद्यापीठाचे परिनियम आणि परिपत्रके त्याच्या जोडीने वाचावीत, कारण शुल्क, नमुना अर्ज आणि मुदती तिथेच ठरतात.

प्रवेशापूर्वी मार्गदर्शकाविषयी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. विचारताना संकोच वाटतो, पण न विचारल्याचा पश्चात्ताप पुढे मोठा होतो. पहिली गोष्ट रिक्त जागेची. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात, म्हणून ‘सर घेतो म्हणाले’ एवढ्यावर विसंबू नये. दुसरी गोष्ट निवृत्तीची. सेवानिवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या अध्यापकास नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधी नोंदलेल्या विद्यार्थ्यांना तो निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करू शकतो, त्यानंतर सहमार्गदर्शक म्हणूनच राहतो, आणि तेही वयाच्या सत्तरीपर्यंत. कोकणातील लहान महाविद्यालयांत एखाद्या विषयाला एकच मान्यताप्राप्त मार्गदर्शक असतो, आणि तो निवृत्त झाल्यावर विद्यार्थी अक्षरशः उघड्यावर पडतो. म्हणून निवृत्ती जवळ आली असल्यास नवा मार्गदर्शक मिळवण्याचा प्रस्ताव एक वर्ष आधीच संशोधन सल्लागार समितीपुढे (विद्यार्थ्याच्या संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीपुढे) ठेवावा.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करणारे शिक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या ना हरकत प्रमाणपत्रात तीन बाबी स्पष्ट असाव्या लागतात : अर्धवेळ संशोधनास परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त केले जाईल. बहुतेक कार्यालये ‘आमची काही हरकत नाही’ एवढी एकच ओळ टंकून देतात, आणि मग तो कागद त्रुटीसह परत येतो. मसुदा आपणच तयार करून मुख्याध्यापकांपुढे ठेवला, तर त्यांचेही काम हलके होते.

आता मुदतीविषयी. पीएच.डी.चा किमान कालावधी कोर्सवर्क धरून तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे असतो, आणि तो प्रवेशाच्या तारखेपासून मोजला जातो. शीर्षक मंजूर झाल्यापासून घड्याळ सुरू होते असे समजणारे विद्यार्थी वर्षभराने चुकतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला विद्यार्थ्यांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, पण एकूण काळ दहा वर्षांपलीकडे जात नाही. महिलांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. लग्नानंतर दुसऱ्या गावी जावे लागल्यास संशोधनाची सामग्री नव्या संस्थेकडे नेण्याचीही तरतूद आहे. ही तरतूद ठाऊक नसल्यामुळे नोंदणी सोडून देणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी पोहोचला पाहिजे. संपल्यानंतर आलेला अर्ज हा विनंतीअर्ज होतो, आणि विनंतीअर्जाला उत्तर देण्याची घाई कोणालाच नसते.

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) असते, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा भाग सक्तीचा असतो आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५५ टक्के गुण लागतात. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. गुणपत्रक मात्र हातात पडेपर्यंत पाठपुरावा करावा, कारण प्रबंध सादर करताना हाच कागद हमखास शोधावा लागतो.

संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात एकदा प्रगती मांडायची असते. अनेकांना हा उपचार वाटतो. मला मात्र संपूर्ण व्यवस्थेतील विद्यार्थ्याच्या सर्वांत उपयोगाची जागा हीच वाटते, कारण येथे नोंदलेली अडचण अधिकृत होते. किनाऱ्यावर संशोधनाचे वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रांनुसार नव्हे, तर निसर्गाच्या हंगामांनुसार चालते. भातावरील प्रयोगाचा आराखडा जूनपूर्वी मंजूर झाला नाही, तर लावणी निघून जाते आणि पुरते एक वर्ष बुडते. आंब्याच्या मोहरावर काम करणाऱ्याला डिसेंबर-जानेवारीत बागेत उभे राहायचे असते, त्या वेळी मुंबईतील बैठकीचे पत्र आले तर कोठे जावे हा प्रश्न पडतो. मासळीचे नमुने यांत्रिक नौकांवरून गोळा करणाऱ्याचे काम १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात थांबते. असे हंगाम आराखड्यातच तारखांसह लिहावेत आणि प्रत्येक प्रगती अहवालात त्यांचा उल्लेख करावा. पुढे मुदतवाढ मागण्याची वेळ आली, तर हीच इतिवृत्ते आपल्या बाजूने बोलतात.

फाईल कशी ठेवावी, हे जरा सविस्तर सांगतो. कोणताही अर्ज दोन प्रतींत न्यावा. एक प्रत कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडावे. ‘ठेवून जा, बघतो’ या उत्तरावर समाधान मानू नये. पोच नसलेला अर्ज दिलेलाच नाही, असे समजून चालावे. पत्र टपालाने पाठवल्यास पावती त्याच प्रतीला टाचावी, आणि ईमेल केल्यास त्यातही आवक क्रमांक मागावा. घरी एका वहीत तारीख, विषय, आवक क्रमांक आणि कोणाशी बोलणे झाले, एवढे चार रकाने आखावेत. दूरध्वनीवर ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ असे विचारल्यास कोणी सांगत नाही. ‘अमुक आवक क्रमांकाचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे’ असे विचारल्यास दोन मिनिटांत उत्तर मिळते.

मूळ कागदांची काळजी कोकणात वेगळी घ्यावी लागते. माझे स्वतःचे नोंदणीपत्र मी लोखंडी ट्रंकेत जपून ठेवले होते. दोन पावसाळे गेल्यावर काढले, तेव्हा कागदावर बुरशीची राखाडी साय आली होती, शिक्क्याची जांभळी शाई पसरून नोंदणी क्रमांकाचे शेवटचे दोन अंक पुसले गेले होते. दुय्यम प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र, शुल्क आणि चार महिने लागले. तेव्हापासून प्रत्येक कागद आल्याच्या दिवशी स्कॅन करतो आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या पाकिटात, जमिनीपासून उंच फळीवर ठेवतो. ऑनलाइन अर्जही शेवटच्या दिवसावर ठेवू नये. जून-जुलैत वीज आणि नेटवर्क ही दोन्ही एकदमच जातात. गणपतीच्या आठवड्यात कागद हलेल, अशी अपेक्षाही धरू नये.

शिष्यवृत्तीधारकांसाठी एक सूचना. जेआरएफची (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची) रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे, पण ती आपोआप जमा होत नाही. संस्थेने दरमहा पोर्टलवर विद्यार्थी हजर असल्याची पुष्टी करावी लागते, आणि ते काम करणारा कर्मचारी रजेवर गेला की पैसे थांबतात. त्याची जागा कोण पाहते हे आधीच विचारून ठेवावे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींसाठी स्वतंत्र जाहिराती निघतात. जात वैधता आणि नॉन क्रिमिलेयर प्रमाणपत्रे जाहिरात निघण्यापूर्वीच हाती असावीत, कारण जाहिरातीनंतर संबंधित कार्यालयांत धाव घेणाऱ्यांची रांग मोठी असते.

तक्रारीची वेळ आली, तर प्रथम मार्गदर्शक, मग विभागप्रमुख आणि त्यानंतर विद्यार्थी तक्रार निवारण समिती, असा क्रम ठेवावा. आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. लैंगिक छळाची तक्रार मात्र या क्रमाने न जाता थेट अंतर्गत तक्रार समितीकडे करावी. तिच्यासाठी मार्गदर्शकाची शिफारस लागत नाही.

प्रबंध सादर करण्यापूर्वी संशोधन सल्लागार समितीपुढे खुले सादरीकरण होते आणि साम्य तपासणी (मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याची तपासणी) होते. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे. सादर केलेला प्रबंध किमान दोन बाहेरील परीक्षकांकडे जातो, आणि मौखिक परीक्षेसह सर्व मूल्यमापन सहा महिन्यांत पूर्ण करणे विद्यापीठावर बंधनकारक आहे. सहावा महिना लागताच, प्रबंध सादर केल्याची तारीख व आवक क्रमांक लिहून नम्र स्मरणपत्र द्यावे. मौखिक परीक्षेनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे (प्रबंध ऑनलाइन उपलब्ध करून देणाऱ्या केंद्राकडे) पाठवली जाते. तात्पुरते प्रमाणपत्र घेताना, पदवी आयोगाच्या पीएच.डी. विनियमांनुसार दिल्याचा उल्लेख त्यात आहे ना आणि नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आहे ना, हे खिडकीवरच उभे राहून वाचावे. गाडीत बसल्यावर चूक सापडली, तर पुन्हा रजा काढून मुंबई गाठावी लागते.