संक्रांतीची काळी कार्डं: घरी बनवून ऑनलाइन विकायची कशी

दिवाळीच्या कार्डांचा बाजार भरलेला असतो. संक्रांतीच्या कार्डांचा जवळजवळ रिकामा आहे, आणि हातानं कार्डं करणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी असं मला मनापासून वाटतं. एकेकाळी आपल्याकडे पाकिटात कार्ड आणि चिमूटभर हलवा घालून परगावच्या नातेवाइकांना तिळगूळ पाठवायची पद्धत घरोघरी होती. आज निरोप फोनवर जातात, तरी नव्या सुनेचा पहिला सण, बाळाचं बोरन्हाण आणि हळदीकुंकू या तीन प्रसंगांना लोकांना हातात धरता येईल असं काहीतरी अजूनही हवं असतं.

संक्रांतीला एक रंगसंगती आयतीच मिळालेली आहे: काळी चंद्रकळा आणि त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. एरवी शुभकार्यात टाळला जाणारा काळा रंग या एका सणाला मानाचा. काळ्या कागदावर उठावदार पांढरे ठिपके काढले की ते हलव्याच्या दाण्यांसारखे दिसतात. चित्रकला बेताची असली तरी ठिपके देता येतात, आणि पन्नासावं कार्ड पहिल्याइतकंच नेटकं येतं. विकायचं असेल तर ही गोष्ट सगळ्यात मोलाची, कारण ग्राहक फोटोतलं कार्ड पाहून पैसे देतो आणि त्याला घरी तसंच कार्ड हवं असतं.

सामान

काळा कार्डपेपर २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या. त्याहून पातळ कागद उभा राहत नाही, जाड घेतला तर घडीवर तडकतो. घेताना एक कोपरा फाडून बघा: काही कागद फक्त वरून काळे छापलेले असतात आणि आतून पांढरे निघतात. असा कागद घडीवर पांढरी रेघ दाखवतो, तो नको. पूर्ण रंगवलेलाच हवा. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीट इथे असं सामान मिळतं. आतल्या पानासाठी हातकागद वापरला तर कार्डाचा रुबाब वाढतो. पुण्याच्या शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे आणि सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करण्यासाठी ओळखली जाते.

बाकी सामान थोडंच: स्टीलची पट्टी, कटर, कापायची चटई, संपलेला बॉलपेन, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, पांढरा जेल पेन आणि कापडावर रंगवायला मिळते ती पांढऱ्या थ्री-डी आउटलाइनरची नळी. फेव्हिकॉल शक्यतो टाळा, त्यातल्या पाण्यानं कागदाला पोक येतो.

कापणे आणि घडी

ए-४ कागद मधोमध कापला की ए-५ चे दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकडा २१० बाय १४८ मिलिमीटरचा. तो १०५ मिलिमीटरवर दुमडला की ए-६ आकाराचं कार्ड तयार, आणि बाजारातलं सी-६ पाकीट, म्हणजे ११४ बाय १६२ मिलिमीटर, त्याला नेमकं बसतं. आधी पाकीट ठरवा, मग कार्ड. मनाजोगत्या मापाचं कार्ड केलं की पाकिटंही घरी करत बसावं लागतं आणि त्यात वेळ फार जातो.

कागदाला तंतूंची दिशा असते. तो दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेनं सहज वाकेल, त्या दिशेनं घडी घाला. घडीच्या रेषेवर पट्टी ठेवून संपलेला बॉलपेन जोर देऊन दोनदा फिरवा, मगच दुमडा. थेट बोटांनी दुमडलेलं कार्ड आणि असं रेघ मारून दुमडलेलं कार्ड यांतला फरक गिऱ्हाइकाला सांगावा लागत नाही.

नक्षी

सुरुवातीला तीनच नक्ष्या ठरवा. नव्या सुनेसाठी हलव्याचा हार आणि बाजूबंद, बोरन्हाणासाठी मुकुट आणि बासरी, हळदीकुंकवासाठी सुगड. पतंग सगळीकडे असतो, तो सोडला तरी चालेल. ही पारंपरिक चिन्हं सगळ्यांची आहेत, पण दुसऱ्या कलाकारानं काढलेली मांडणी इंटरनेटवरून उचलून विकू नका. कार्टूनमधली पात्रं आणि सिनेतारकांची चित्रंही नकोत, त्यांचे हक्क त्यांच्या मालकांकडे असतात.

नक्षी आधी साध्या कागदावर काढा. भरतकामाला वापरतात तो पांढरा किंवा पिवळा कार्बन मधे घालून ती काळ्या कागदावर उतरवा. कार्बनची रेघ अगदी फिकी ठेवा, ती ठिपक्यांखाली झाकली गेली पाहिजे.

आता ठिपके. सगळी गंमत इथे आहे, म्हणून घाई करू नका. रोज काम सुरू करताना नळीचं टोक टाचणीनं मोकळं करा आणि पहिले आठ-दहा ठिपके रद्दी कागदावर काढा, कारण टोकाशी हवा अडकलेली असते आणि पहिला थेंब फुटतो. नळी सरळ उभी धरा. टोक कागदाला जेमतेम टेकवा, दाबा, ठिपका हव्या तेवढा फुगला की दाब पूर्ण सोडा आणि मग नळी उचला. दाब न सोडता उचलली तर शेपूट येतं. दाब सोडताना अगदी किंचित वर ओढलं तर ठिपक्याला बारीक टोक येतं आणि तो थेट काटेरी हलव्यासारखा दिसतो. हातोहात देण्याच्या कार्डावर हे टोक सुरेख दिसतं. टपालानं जाणाऱ्या कार्डावर ठिपके चपटे ठेवा, नाहीतर टोकं मोडतात. मोठे ठिपके आधी, बारीक नंतर, वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे, म्हणजे ओल्या रंगावर हात घासत नाही. डावखुऱ्यांनी उलट. रात्रभर सपाट वाळू द्या. पंखा नको, धूळ बसते आणि काळ्यावर ती लगेच दिसते.

काळ्या कागदावर साध्या पेननं लिहिता येत नाही, म्हणून आत उजव्या बाजूला ९५ बाय १३८ मिलिमीटरचा फिका कागद टेपनं चिकटवा. त्यावर वरच्या बाजूला एखादी ओळ पुरे. बाकीची जागा पाठवणाऱ्याची आहे, ती भरून टाकू नका. डाव्या बाजूला कागदाचा छोटा खिसा केला तर गिऱ्हाईक त्यात स्वतःचा हलवा घालू शकतं. हलवा तुम्ही भरून विकू नका. तो खाद्यपदार्थ झाला आणि त्याला एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते.

मजकूर हातानं लिहिणार नसाल तर एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक हे देवनागरी फाँट गूगल फाँट्सवर मोफत आहेत आणि विक्रीच्या वस्तूंवर वापरायची मुभा आहे. छापण्याआधी शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्या. 'शुभेच्छा' आणि 'हळदीकुंकू' हे शब्द चुकलेलं कार्ड कितीही सुंदर असलं तरी मराठी घरात ते खटकतं.

किंमत

उदाहरणादाखल धरू: कागद, पाकीट, रंग आणि पारदर्शक पिशवी मिळून वीस रुपये. एका कार्डाला वीस मिनिटं लागतात आणि तुमच्या तासाचे १२० रुपये, म्हणजे मजुरी चाळीस. साठ झाले. खराब होणाऱ्या कार्डांसाठी दहा टक्के धरा: ६६. त्यावर नफा लावून कार्ड ९० ते १०० रुपयांना विकावं. वाळायचा वेळ मोजू नका, पण पॅकिंग आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याचा वेळ मोजा. बायका घरबसल्या काम करतात म्हणून त्यांची मजुरी शून्य धरायची, ही सवय मोडायलाच हवी. मैत्रिणींना सूट द्यायची तर ती बिलावर लिहून द्या, म्हणजे मूळ किंमत सगळ्यांना कळते.

सुटं कार्ड ऑनलाइन विकू नका. पाठवण्याचा खर्च त्याची किंमत खाऊन टाकतो. पाचचा संच ठेवा. हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला तसेही पंधरा-वीस लागतात.

फोटो

काळ्या वस्तूचा फोटो काढताना फोन उजेड वाढवतो आणि काळा राखाडी होतो. पडद्यावर कार्डावर बोट टेकवा, शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, काळा खरा काळा दिसेपर्यंत. सकाळी खिडकीशेजारी, फ्लॅश बंद, आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कागद उभा करा, म्हणजे ठिपक्यांची सावली मऊ पडते. एक फोटो समोरून, एक आतला, एक पाकिटासकट, एक हातात धरलेला, आणि एक अगदी जवळून तिरपा, ज्यात ठिपक्यांचा उठाव दिसेल. शेजारी पितळी करंडा ठेवला तर छान, पण कार्डाहून जास्त जागा त्यानं घेऊ नये.

दुकान

पहिल्या वर्षी व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि इन्स्टाग्रामचं एक खातं पुरतं. कॅटलॉग मोफत आहे. त्यात प्रत्येक संचाची किंमत, माप, संख्या आणि पोचायला लागणारे दिवस लिहा. 'किमतीसाठी मेसेज करा' असं लिहिलं की निम्मे लोक तिथूनच परत जातात. इन्स्टाग्रामवर ठिपके देतानाचा व्हिडिओ टाका, हातानं केल्याची खात्री त्यातून सगळ्यात चांगली पटते.

नावाचं कार्ड असेल तर नाव गिऱ्हाइकाकडून देवनागरीत टाइप करून घ्या आणि मजकुराचा फोटो पाठवून होकार आल्यावरच पुढचं काम करा. अशा ऑर्डरचे पूर्ण पैसे यूपीआयनं आधी घ्या. दुसऱ्याच्या नावाचं परत आलेलं कार्ड कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात वस्तूंची वार्षिक विक्री ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण राज्याबाहेर विकणं आणि मोठ्या ई-कॉमर्स मंचांवर विकणं यांचे नियम वेगळे आहेत. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलतही आहे. तुमचं कार्ड कशात बसतं हे परराज्यात पहिला संच पाठवण्याआधी सीएला विचारून घ्या.

पाठवणी आणि वेळापत्रक

३०० जीएसएमचं असं कार्ड साधारण नऊ ग्रॅम भरतं. आतलं पान आणि पाकीट धरून पंधराच्या आसपास. म्हणजे गिऱ्हाईक ते पुढे साध्या टपालानं पाठवेल तेव्हा २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसेल. हलवा भरला की पुढच्या टप्प्याचं तिकीट लागेल, हे संचासोबतच्या चिठ्ठीत लिहा. तुम्ही संच पाठवताना कार्डांच्या मधे बटर पेपर घाला, नाहीतर ठिपके एकमेकांना चिकटतात, आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा पावती आणि माग हवा असेल तर स्पीड पोस्ट किंवा कुरिअर. परदेशी जाणाऱ्या कार्डाचा खिसा रिकामाच ठेवायला सांगा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत खाण्याच्या वस्तू आणि बियांचे नियम फार कडक आहेत.

संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते, पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं आणि ती तिथीप्रमाणे सरकते. २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २५ जानेवारीला. म्हणजे एका वर्षी हंगाम तीन आठवड्यांचा, दुसऱ्या वर्षी जेमतेम अकरा दिवसांचा. कागद घेण्याआधी पंचांग बघा. दिवाळी झाली की कापून, घडी घालून ठेवायला लागा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅटलॉग उघडा, परदेशच्या ऑर्डर त्याच आठवड्यात रवाना करा आणि नावाची कार्डं घेणं जानेवारीच्या पाच तारखेला थांबवा. रथसप्तमीनंतर उरलेली कार्डं बटर पेपरमध्ये गुंडाळून सपाट डब्यात ठेवा, आणि आमंत्रणं कुणी किती घेतली त्याची वही नीट लिहून ठेवा. पुढच्या डिसेंबरमध्ये पहिला मेसेज त्यांनाच करायचा आहे.