बेसबॉल गेम बनवताय? बॅट-चेंडूच्या या चुका टाळा

पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातून सुटलेला ताशी १५० किलोमीटरचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅट फिरवणाऱ्यासमोर, येतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये म्हणजे जेमतेम २४ फ्रेम. गेमची खरी मजा तेवढ्यातच आहे. स्टेडियम, जर्सी, कॉमेंट्री हे सगळं नंतर.

चेंडू बॅटमधून आरपार जातो

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. या वेगाचा चेंडू एका फ्रेममध्ये सुमारे ७० सेंटिमीटर सरकतो आणि बॅटची जाडी जास्तीत जास्त ६.६ सेंटिमीटर. एका फ्रेमला चेंडू बॅटच्या पुढे, दुसऱ्या फ्रेमला मागे. टक्कर इंजिनला दिसतच नाही. मग बॅटचा कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार) फुगवला जातो. तसं करू नका. हवेत फिरवलेली बॅटही लागू लागते आणि ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका), लाइन ड्राइव्ह (सरळ, वेगवान फटका), पॉप-अप (उंच उडालेला फटका) यांतला फरकच पुसला जातो. त्याऐवजी चेंडूची मागच्या फ्रेममधली आणि आताची जागा रेषेने जोडा, बॅटचंही तेच करा आणि दोन्ही कुठे सर्वांत जवळ आले ते काढा. चेंडू बॅटच्या मध्यरेषेच्या किती वर-खाली लागला, यावरून उडण्याचा कोन ठरवा.

टायमिंग बरोबर, तरी ‘उशीर’

टीव्हीचा लॅग (चित्र दिसायला लागणारा उशीर) १०० मिलिसेकंद असेल तर २४ पैकी ६ फ्रेम तिथेच गेल्या. टीव्ही गेम मोडवर घ्यायला सांगा आणि कॅलिब्रेशन स्क्रीन द्या: दहा ठोक्यांवर बटण दाबायला लावा, फरकांचा मध्यक काढा, तेवढा वेळ वजा करा. फटक्याची दिशा रँडम ठेवणं ही त्याहून मोठी चूक. उजव्या हाताने खेळणाऱ्याची बॅट लवकर फिरली तर चेंडू लेफ्ट फील्डकडे, उशिरा फिरली तर राइटकडे गेला पाहिजे. नाहीतर खेळणाऱ्याला आपलं काय चुकलं ते कधीच कळत नाही.

प्रत्येक चेंडू मारण्याजोगा

क्रिकेटच्या सवयीतून ही चूक हमखास होते. बेसबॉलमध्ये चेंडू सोडणं हाही निर्णय आहे: झोनमधला (प्लेटवरच्या ठरलेल्या चौकटीतला) सोडला तर स्ट्राइक (तीन झाले की बाद), बाहेरचे चार सोडले तर फुकट पहिला बेस. म्हणून साधारण निम्मे चेंडू झोनबाहेर हवेत. ३-० (झोनबाहेरचे तीन, स्ट्राइक शून्य) असताना पिचर झोनमध्येच टाकेल, ०-२ असताना बाहेर टाकून फसवेल. फास्टबॉल आणि चेंजअपला (मुद्दाम हळू टाकलेल्या चेंडूला) हाताचं अ‍ॅनिमेशन एकच ठेवा. वेगळं दिसलं की फसवणूक संपली.

सगळेच होम रन, किंवा एकही नाही

हवेचा विरोध धरला नाही तर ताशी १६० किलोमीटरने, ३० अंशांत उडालेला चेंडू जवळपास १७५ मीटर जातो. प्रत्यक्षात तो १२० मीटरच्या आसपास पडतो. अंतर आवरण्यासाठी फटक्याचा वेग कमी केला की लाइन ड्राइव्ह मरगळतात. वेग तसाच ठेवा, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ड्रॅग (हवेचा विरोध) लावा आणि ड्रॅग कोएफिशंट ०.३५पासून सुरू करा.

फील्डरसाठी चेंडू पडण्याच्या जागेची सावली दाखवली की बरंचसं भागतं.

बॅट लागली, पण जाणवली नाही

टक्कर झाली त्याच फ्रेमला आवाज आणि कंट्रोलरची थरथर सुरू करा, चित्र २-३ फ्रेम गोठवा. मधोमध लागलेल्या आणि टोकाला लागलेल्या चेंडूचे आवाज वेगळे हवेत. ब्लूटूथ इयरफोनवर आवाज मागे पडतो, म्हणून ‘लवकर’, ‘उशीर’ हे स्क्रीनवरही दाखवा.