जुन्या फोर-व्हील पिकअपमधील गिअर लिव्हरचा खडखडाट

१९८० च्या दशकातील टोयोटा हायलक्ससारख्या जुन्या फोर-व्हील (चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणाऱ्या) पिकअपमध्ये ठरावीक वेगाला लिव्हर खडखडू लागला, की गिअरबॉक्सच गेला असे समजून पुष्कळ जण धास्तावतात. प्रत्यक्षात दोष बहुधा लिव्हरच्या तळाशी असलेल्या प्लास्टिकच्या स्वस्त बुशाचा, म्हणजे लिव्हरचे टोक ज्यात बसते त्या छोट्या वाटीसारख्या भागाचा असतो. आवाज चालू असताना शेजारी बसलेल्याने आधी गिअरचा आणि मग फोर-व्हीलचा (चारही चाकांचा जोर चालू-बंद करणारा) लिव्हर हलकेच धरावा. ज्याला हात लागताच आवाज थांबतो, त्याचाच बुश झिजलेला समजावा.

काम सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून आणि चाकांखाली दगड लावूनच करावे, कारण ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सकडून आलेला जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवणारी पेटी) न्यूट्रलमध्ये असेल तर गिअर टाकलेला असूनही गाडी घरंगळते. गिअर न्यूट्रलला ठेवून लिव्हरच्या तळावरचे रबरी आवरण (बूट) वर सरकवावे आणि भोवतालची माती नीट पुसून घ्यावी. हा कंटाळवाणा भाग टाळू नये, कारण इथून पडलेला कचरा थेट गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये जातो. त्यानंतर लिव्हरभोवतीची टोपी खाली दाबून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली, की लिव्हर वर उचलता येतो. जुना बुश पुष्कळदा भुगा होऊन खोबणीत चिकटलेला असतो किंवा सापडतच नाही. जे तुकडे दिसतील ते चिमट्याने वेचून काढावेत, नवा बुश ग्रीस लावून पक्का बसवावा आणि त्याच क्रमाने जोडणी करावी. लिव्हरला रबर गुंडाळण्याच्या जुगाडाने आवाज दबतो, पण झीज चालूच राहते. फोर-व्हीलच्या लिव्हरचा बुश वेगळ्या मापाचा असू शकतो, म्हणून तो गाडीचे मॉडेल सांगूनच मागवावा.