शिंदीच्या मडक्यात वटवाघळाची लाळ जाऊ नये म्हणून

वटवाघूळ फुलोऱ्यामागे आणि फळांमागे फिरते. सावर फुलली की सावरीवर, मग मोहावर, पुढे आंबा, जांभूळ. वड-उंबराला फळ धरले की तिकडे. हिवाळ्यात रानात खायला कमी, आणि बांगलादेशात नेमक्या त्याच दिवसांत रसासाठी शिंदीला छेद देऊन रात्रभर मडके टांगतात. वाघळे त्या रसाकडे येतात. तिथे निपाहचे, म्हणजे वटवाघळांतून माणसांत येणाऱ्या जीवघेण्या विषाणूचे, रुग्ण बहुतेक डिसेंबर ते एप्रिल या काळात सापडतात, ते यामुळेच. केरळात हंगाम वेगळा: २०१८ मध्ये कोझिकोडची साथ मे महिन्यात उघड झाली आणि तिच्यात रसाचा संबंध आढळला नाही. महाराष्ट्राचे म्हणाल तर मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणू अंगात येऊन गेल्याची खूण, सापडली. म्हणून ताजी नीरा काढणाऱ्याने आणि पिणाऱ्याने पुढचे वाचावे.

मडक्याच्या तोंडावर फडके बांधले की झाले, असे समजू नका. वाघूळ मडक्यात क्वचितच तोंड घालते. ते तासलेल्या खोडाला लटकते आणि ओघळणारी धार चाटते. लाळ धारेबरोबर आत जाते, मूत्रही पडते. तेव्हा झाकायचा तो छेद, धार आणि मडक्याचे तोंड, तिन्ही एकदम.

बांबूच्या कामट्यांची तट्टी विणा. वरची कड छेदाच्या वीतभर वर, खालची मडक्याच्या गळ्याच्या खाली यावी आणि रुंदी इतकी, की दोन्ही बाजूंनी खोडाला टेकेल. वर-खाली काथ्याने आवळा. गडबड होते ती कडेला: खोड वाकडे असते, तट्टी सरळ, मधल्या फटीतून वाघूळ शिरते. तिथे ताग किंवा वाळके गवत कोंबा. बांबू नसेल तर प्लास्टिकचा कागदही चालतो, पण वाऱ्याने सुटतो, रोज पाहा. मडके तिन्हीसांजेच्या आत झाका, कारण वाघळे अंधार पडताच येतात. चुना फासण्यावर भरवसा ठेवू नका, वाघूळ तरीही चाटते. तट्टीवर विष्ठा दिसली किंवा ती सरकलेली असली, तर त्या रात्रीचा रस कच्चा पिऊ नका, विकूही नका.

असा रस उकळून गूळ करता येतो, त्या उष्णतेत विषाणू टिकत नाही. नीरा मात्र उकळली की नीरा राहत नाही, हे खरेच. आंबवून ताडी केली म्हणून धोका जात नाही. बांगलादेशात आंबवलेल्या रसातूनही लागण झालेली आहे.

फळांत चोचीची खूण आणि दातांची खूण ओळखत बसू नका. खरवडलेले, कुरतडलेले फळ अख्खे टाका. खराब भाग कापून उरलेले खाऊ नका, डुकरांना-गुरांनाही घालू नका. १९९८-९९ मध्ये मलेशियात आजार आधी डुकरांत आला, मग माणसांत. शाबूत फळ धुऊन सोलून खा.

झाडावरची वस्ती फटाके लावून किंवा फांद्या तोडून उठवू नका. बिथरलेली वाघळे दुसरीकडे जाऊन बसतात, कदाचित तुमच्याच विहिरीवरच्या झाडावर. मेलेले वाघूळ उघड्या हाताने उचलू नका. चावले वा ओरबाडले तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठा.

कच्चा रस प्यायल्यावर साधारण ४ ते १४ दिवसांत ताप, डोकेदुखी, गुंगी किंवा बडबड सुरू झाली, तर डॉक्टरांना रसाचे आधी सांगा, तापाचे मग. रुग्णाच्या लाळेजवळ-खोकल्याजवळ जाताना मास्क आणि हातमोजे घाला.