घरचे व्हिडिओ एडिट करायला बसण्याआधी हे एवढं करा

भाच्याच्या मुंजीचा व्हिडिओ पूर्ण कापून जोडून झाला होता, फक्त एक्स्पोर्ट (म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं) बाकी, आणि प्रोजेक्ट उघडला तर टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप्स ओळीने लावतात त्या पट्टीवर, अर्ध्या क्लिप्स लाल, 'मीडिया ऑफलाइन'. त्या क्लिप्स होत्या चुलतभावाच्या पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह त्याच्याबरोबर नाशिकला, आणि तिथे त्याने तो साफ करून गाडीसाठी गाणी भरलेली. म्हणून ही यादी.

लॅपटॉप, चार्जर, माउस हे काय सांगायचं. हेडफोन मात्र हवाच, लॅपटॉपच्या स्पीकरवर हॉलमधल्या पंख्याची घरघर कळतच नाही.

आता मुख्य काम. आधी सगळं कॉपी करा. सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओढून टाकली की ती आत गेली असं वाटतं, पण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आत काही जात नाही, प्रोजेक्टमध्ये नुसती नोंद असते की अमुक फाइल तमुक जागी आहे आणि तिचा या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंतचा भाग घ्यायचाय. फाइल हलली, तिचं नाव बदललं, फोल्डरचं नाव 'मुंज'चं 'मुंज फायनल' केलं, की गोंधळ. म्हणून कॉम्प्युटरच्या डिस्कवर एकच फोल्डर करा, त्यात व्हिडिओ, फोटो, गाणी सगळं, आणि मगच सॉफ्टवेअर उघडा. पेनड्राइव्हवरून थेट नाही, केबल लावलेल्या फोनमधून थेट नाही, कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून तर नाहीच नाही. आणि त्या फोल्डरची आणखी एक कॉपी दुसऱ्या हार्डडिस्कवर.

जागा आधी बघून घ्या. आयफोनच्या नव्या फॉरमॅटमध्ये (एचईव्हीसी), सेकंदाला ३० फ्रेम धरून, १०८० चा म्हणजे फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० एमबी खातो, ४के असेल तर १७० च्या आसपास, म्हणजे तासाभराचे १० जीबी. जुन्या एच २६४ फॉरमॅटमध्ये याच्या दुप्पट धरा. पेनड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही, जागा रिकामी दिसते तरी एरर येतो, एक्सफॅटने फॉरमॅट करा (आधी आतलं काढून घेऊन, प्लीज).

नातेवाइकांकडून क्लिप्स मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून घेऊ नका, तो दाबून बारीक होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मावशीला डॉक्युमेंट म्हणजे काय ते फोनवर समजावत बसण्यापेक्षा घरी जाऊन फोन हातात घ्या, चहाही होतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या फाइलच्या नावात तारीख पाठवल्याची असते, कार्यक्रमाची नाही, त्यामुळे नावाप्रमाणे लावून क्रम बरोबर येईल या भ्रमात राहू नका.

सॉफ्टवेअर एकच धरा. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प असतं, मॅकवर आयमूव्ही, साध्या लॅपटॉपवर शॉटकट बरं चालतं आणि फुकट आहे. दाविंची रिझॉल्व्हही फुकट मिळतं पण ८ जीबी रॅमवर ते रडतं आणि आपल्यालाही रडवतं. फोनचे व्हिडिओ बहुतेक वेळा एकसारख्या फ्रेमरेटचे (सेकंदाला किती फ्रेम, त्याचे) नसतात, मग लांब क्लिपमध्ये गुरुजींचे ओठ एकीकडे आणि मंत्र दुसरीकडे. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून फाइल बदलून घ्या. आणि ती नवी फाइल कुठे ठेवायची? त्याच फोल्डरमध्ये. डेस्कटॉपवर नाही, डाउनलोड्समध्ये नाही.

मग सगळ्या क्लिप्स एकदा नुसत्या बघा, कंटाळा आला तरी, आणि कागदावर लिहा: सातवी क्लिप, २:१४, आजी भिक्षा घालताना. हा कागद नसेल तर तीच क्लिप पुन्हा पुन्हा शोधत बसाल. आडवा व्हिडिओ करायचा की उभा तेही आताच ठरवा.

मराठी टायटल आधी टाकून बघा, 'उपस्थिती'सारखा शब्द लिहा. काही ठिकाणी वेलांटी सरकते, जोडाक्षर फुटतं. फुटलं तर टायटलचा फोटो दुसरीकडे बनवून आणा, आणि तो फोटो, हो, त्याच फोल्डरमध्ये.

बाकी पटापट. पानं उलटल्यासारखे इफेक्ट नकोत. सिनेमातलं गाणं लावून यूट्यूबवर टाकलं तर कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो. मंत्र चालू असताना गाण्याचा आवाज खाली. सेव्ह करत राहा. एक्स्पोर्ट एमपी४, एच २६४, १०८०. टीव्हीवर शेवटपर्यंत बघा, मग पाठवा. आणि फोल्डर लगेच उडवू नका, 'आमच्याकडचं कुणी दिसतच नाही' असा एक तरी फोन येतो आणि प्रोजेक्ट परत उघडायला लागतो.